तीमारदाराला दवाखान्यात काय विचारता येतं?

उर्दूत 'तीमारदार' असा एक शब्द आहे. आजारी माणसाची देखभाल करणारा, औषधपाणी बघणारा, रात्री उशाशी बसणारा. मराठीत याला नेमका जोडशब्द सापडत नाही. 'काळजीवाहू' म्हणावं तर लोकांना निवडणुकीनंतरचं काळजीवाहू सरकार आठवतं. दवाखान्यात तर या माणसाला नावच नसतं. कंपाउंडर हाक मारतो, "पेशंटबरोबर कोण आहे?" आणि पुढे होतो तो तीमारदार.

आपल्या घरांत हे काम बहुतेक वेळा सुनेकडे, मुलीकडे किंवा गावात राहिलेल्या मुलाकडे येतं. बाकीचे भाऊ पुण्या-मुंबईत, कुणी सौदीत, दुबईत. ते फोनवर विचारतात, "डॉक्टर काय म्हणाले?" याचं उत्तर द्यायचं तर डॉक्टर काहीतरी म्हणायला हवेत. आमची अडचण तिथेच सुरू झाली.

आम्ही नऊ वर्षांपासून अम्मीची देखभाल करतोय. वय ७१, शुगर आणि बीपी दोन्ही. मोहल्ल्यापासून चार पावलांवर एका डॉक्टरसाहेबांचा दवाखाना आहे. नाव लिहीत नाही, लिहिण्याचं कारणही नाही, कारण असे दवाखाने आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. सकाळी नंबर लावायचा, दोन तास बाकावर बसायचं, आत गेलं की बीपी बघायचं, कधीमधी सुई, आणि बाहेर खिडकीतून कागदाच्या पुड्या घ्यायच्या. सकाळची पुडी, रात्रीची पुडी. पुडीत तीन-चार सुट्या गोळ्या, एक पिवळी, एक पांढरी, एक अर्धी केलेली. नाव कशावरच नाही.

या डॉक्टरसाहेबांबद्दल एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे. २०२० साली कोरोनात गावातले बरेच दवाखाने बंद होते तेव्हा यांचं शटर उघडं होतं. फी आजही लोकांना परवडेल अशी आहे. पैसे नसले तर "नंतर द्या" म्हणतात. म्हणूनच लोक त्यांना सोडत नाहीत, आणि म्हणूनच त्यांना काही विचारायचं म्हटलं की जीभ अडखळते.

दोन वर्षांपूर्वी अम्मीचे गुडघे जास्त दुखायला लागले. पुडीत एक गोळी वाढली. दुखणं कमी झालं, अम्मी खूश. आम्ही खिडकीत विचारलं, ही नवी कुठली? कंपाउंडर म्हणाला, "दुखण्याची आहे." आत जाऊन डॉक्टरसाहेबांना विचारलं तर त्यांनीही तेच सांगितलं, "दुखण्याची आहे सर, काही होत नाही." सहा-सात महिने ती गोळी रोज चालू राहिली. मग पायावर सूज दिसायला लागली. बोट दाबलं की खड्डा पडायचा. आम्ही दोनदा सांगितलं. एकदा उत्तर मिळालं, "वयोमानाने होतं." दुसऱ्यांदा रक्ताची, किडनीची तपासणी करू या का असं विचारलं, तर म्हणाले, "सर, तुम्ही शाळेत शिकवा, इथलं आमच्यावर सोडा." बाकावरची माणसं हसली.

तपासणी आम्ही बाहेरून करून घेतली. क्रिएटिनिन वाढलेलं होतं. जिल्ह्याच्या ठिकाणी एका फिजिशियनकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत?" आम्ही पुडी पुढे ठेवली. त्यांनी गोळ्या हातावर घेऊन बघितल्या आणि परत पुडीत टाकल्या. सुट्या गोळीकडे बघून तिचं नाव सांगणं कुणालाच शक्य नसतं. शेवटी आम्ही आमच्या दवाखान्यात फोन लावला, कंपाउंडरने तीन नावं सांगितली, त्यात डायक्लोफिनॅक होतं.

इथे थोडं समजावून सांगतो, कारण हे प्रत्येक घराच्या कामाचं आहे. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही सगळी एकाच घराण्यातली वेदनाशामकं. चार-पाच दिवस घेतली तर बहुतेकांना त्रास होत नाही. पण म्हातारपणी, शुगर-बीपीच्या रुग्णाला महिनोन् महिने दिली तर ती किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, अंगात पाणी आणि मीठ साठतं, बीपी वाढतो. त्यातच बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी असेल, तर तिन्ही मिळून किडनीवर जास्तच ताण येतो. ही काही नवी माहिती नाही, वैद्यकाच्या पुस्तकांत कधीची आहे. म्हणून अशा रुग्णाला साधारणपणे आधी पॅरासिटामॉल, शेक, व्यायाम, लावायचं मलम असे मार्ग बघतात. अम्मीची किडनी शुगरमुळे किती बिघडली आणि त्या गोळीमुळे किती, हे फिजिशियननाही सांगता आलं नाही. त्यांनी सरळ तसं सांगितलं. पण ती गोळी त्यांनी त्याच दिवशी बंद केली. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन थोडं खाली आलं, अल्हम्दुलिल्लाह, पण पहिल्या जागी आलं नाही.

पुडीबद्दल आणखी एक. काही ठिकाणी 'लवकर आराम' पडावा म्हणून पुडीत स्टेरॉइडची गोळीही घालतात. स्टेरॉइडने शुगर चढते. घरातला तीमारदार भात बंद करतो, चहातली साखर बंद करतो, अम्मीला ओरडतो की तुम्ही चोरून गोड खाता, आणि शुगर वाढते ती पुडीमुळे. आमच्या अम्मीला स्टेरॉइड होतं की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही, कारण कंपाउंडरने तीनच नावं सांगितली आणि पुडीत गोळ्या चार होत्या.

नियम याबाबत काय सांगतो? एमबीबीएस आणि त्यावरच्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता आहे. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण त्याच ऑगस्टमध्ये ते स्थगित झाले आणि जुनीच संहिता चालू राहिली. डॉक्टरने स्वतःच्या पेशंटला स्वतःकडची औषधं देणं यात बेकायदा धरलेलं नाही. मेडिकल स्टोअरसारखं दुकान उघडून इतरांच्या चिठ्ठ्यांवर औषध विकणं मात्र चालत नाही. आणि जे औषध दिलं त्याचं नाव, कंपनीचं आणि मूळ औषधाचं दोन्ही, स्पष्ट असलं पाहिजे, असं त्यात आहे. चिठ्ठीवर औषधाचं जेनेरिक नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं, हेही आहे. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावलेला आणि चिठ्ठीवर, पावतीवर छापलेला असावा लागतो. म्हणजे "यात काय काय आहे ते कागदावर लिहून द्या" असं म्हणणं हा उद्धटपणा नाही. फी दिली आहे, चिठ्ठी मागायचीच.

त्याच संहितेत आमच्या जिव्हाळ्याचं आणखी एक कलम आहे. रुग्णाच्या आजाराचं गांभीर्य डॉक्टरने वाढवून सांगू नये आणि लपवूही नये, आणि रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना त्याच्या हिताला लागेल तेवढी माहिती मिळेल याची खात्री करावी, असा त्याचा आशय आहे. कागदपत्रं मागण्याचा हक्क सांगताना तर रुग्णाबरोबर 'अधिकृत सोबती'चा उल्लेख आहे. बाकावर बसलेल्या तीमारदाराला नियमात जागा आहे, ती अशी. रुग्ण शुद्धीत असेल तर "माझ्या मुलाला सगळं सांगा" हे त्यांनी स्वतः डॉक्टरसमोर म्हणावं, किंवा दोन ओळी लिहून सही-अंगठा द्यावा. कारण रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणं हेही डॉक्टरचं कर्तव्य आहे, आणि ते बरोबरच आहे.

कागदपत्रांबद्दल लोकांत एक गैरसमज आहे. 'डॉक्टरने तीन वर्षं रेकॉर्ड ठेवलंच पाहिजे आणि ७२ तासांत दिलंच पाहिजे' असं व्हॉट्सॲपवर फिरतं. ७२ तासांचं खरं आहे, पण तीन वर्षांचा नियम दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदींसाठी आहे. रोजच्या ओपीडीत, पुडी घेऊन घरी येणाऱ्या माणसासाठी तो तसा लागू होत नाही. आम्ही डॉक्टरसाहेबांकडे अम्मीच्या जुन्या नोंदी मागितल्या तेव्हा त्यांनी एक वही दाखवली. तारीख, नाव, आणि समोर फीचा आकडा. बीपी कधी किती होतं, गोळी कधी बदलली, काहीच नाही. म्हणजे नऊ वर्षांचा इलाज कुठेच लिहिलेला नव्हता. म्हणून म्हणतो, ओपीडीच्या रुग्णाचं रेकॉर्ड म्हणजे त्याच्या घरातली फाइल. दुसरीकडे कुठेही ते असेलच असं समजू नका.

आता रमजानची गोष्ट, जी याच दवाखान्यातली आणि याच्याही आधीची आहे. शाबानमध्ये आम्ही विचारलं, अम्मी रोजे ठेवणार म्हणतात, गोळ्यांचं कसं करायचं? डॉक्टरसाहेब चिठ्ठी लिहिता लिहिता म्हणाले, "ठेवू द्या की. सकाळच्या गोळ्या सहेरीला, रात्रीच्या इफ्तारला." हे ऐकायला सोपं वाटतं. पण अम्मीच्या सकाळच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड होती. ही गोळी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. सहेरीला घेतली की दिवसभर, उपाशीपोटी तिचं काम चालूच. पंधराव्या-सोळाव्या रोज्याला असरनंतर अम्मी थरथरायला लागल्या, घामाघूम, काहीतरी असंबद्ध बोलत होत्या. ग्लुकोमीटरने बघितलं तर ५८. आम्ही सरबत तोंडाला लावलं, त्या तोंड फिरवत होत्या, "दोन घंटे रह गए हैं बेटा." शेवटी आमच्या मोठ्या बहिणीने जबरदस्तीने पाजलं.

शुगरच्या रुग्णाचे रोजे हा विषय आज डॉक्टरांना नवा नाही. त्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरला भेटायचं, एचबीएवनसी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर आणि किडनीची तपासणी बघायची, धोका किती ते ठरवायचं आणि गोळ्यांची वेळ-मात्रा बदलायची. ग्लिमेपिराइडसारखी दिवसातून एकदाची गोळी साधारणपणे इफ्तारला नेतात, काहींची मात्रा कमी करतात, काहींना वेगळी गोळी देतात. हे ज्याचं त्याने घरी ठरवायचं नाही. पण विचारायचं मात्र नेमकं: "या गोळीने शुगर एकदम खाली येते का? रोज्यात हिची वेळ कोणती?" रोज्यात शुगर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडायचा, दोन तास राहिले असोत की दहा मिनिटं. बोट टोचून शुगर बघितल्याने रोजा तुटत नाही असंच बहुतेक उलमा सांगतात, त्यामुळे त्या भीतीने तपासणी टाळू नये.

आजाऱ्याला रोज्याची सवलत खुद्द कुरआनात सूरह बकरामध्ये आहे. बरं होण्याची आशा असेल तर नंतर कजा, कायमचा आजार असेल तर फिदिया. हे आम्ही अम्मीला किती वेळा सांगितलं, पण पटलं ते मशिदीच्या इमामसाहेबांनी घरी येऊन सांगितल्यावर. तेव्हा ज्या घरात असं ज्येष्ठ माणूस हट्ट धरून बसलंय, तिथे डॉक्टर आणि इमामसाहेब दोघांनाही आधी गाठावं. मुलाचं ऐकणार नाहीत.

मग आता काय करायचं? तक्रार करायची का, असं आम्हाला बऱ्याच जणांनी विचारलं. आम्ही केली नाही. आमचं मत असं की वेळ न देणं, टोचून बोलणं हे वाईट आहे, पण कायद्याच्या भाषेत तो हलगर्जीपणा ठरत नाही. त्यासाठी उपचारातली चूक आणि तिच्यामुळे झालेलं नुकसान दोन्ही दाखवावं लागतं, आणि हातात चिठ्ठी नाही, पावती नाही, तर दाखवणार काय? ज्यांच्याकडे कागद आहेत आणि नुकसान मोठं आहे त्यांनी मागे हटू नये. फी घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, वकील सक्तीचा नाही, आणि सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

डॉक्टरच्या वर्तनाची तक्रार परिषदेकडे करता येते, पण परिषद कोणती हे आधी बघा. दवाखान्याच्या पाटीवर फक्त 'डॉ.' बघून समजत नाही. एमबीबीएस असेल तर महाराष्ट्र वैद्यक परिषद. आपल्या मोहल्ल्यांत बीयूएमएस, म्हणजे युनानीचे डॉक्टर पुष्कळ आहेत, त्यांची आणि बीएएमएसवाल्यांची नोंदणी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेकडे असते. होमिओपॅथीची परिषद आणखी वेगळी. चुकीच्या दारात अर्ज टाकला तर तो नुसता पडून राहतो.

आणि एक, दवाखान्यात आरडाओरडा, धक्काबुक्की, काच फोडणं हे कुणीही करू नये. राज्यात २०१० चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र. म्हातारीच्या औषधाचं राहतं बाजूला आणि घरातला पोरगा कोर्टाच्या फेऱ्या मारतो.

आम्ही तक्रारीऐवजी डॉक्टर बदलला, आणि हे लिहायला जितकं सोपं आहे तितकं ते सोपं नव्हतं. एकाच मशिदीत नमाजला येतो, एकाच दुकानातून किराणा घेतो. घरात दोन महिने यावर चर्चा झाली. अम्मींचं म्हणणं, "उन्होंने बुरे वक़्त में साथ दिया." ते खरंच आहे. आता ताप-खोकल्याला, रात्री-अपरात्री आम्ही त्यांच्याचकडे जातो, पण शुगर-बीपीची गोळी तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातून आणतो.

सरकारी दवाखान्याचं नाव काढलं की आपले लोक नाक मुरडतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासण्या, उपचार सगळं मोफत झालंय. महापालिकेची आणि मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्यांखाली येतात, तिथलं तिथे विचारावं. तिशीच्या पुढच्या कुणालाही शुगर-बीपीची तपासणी मोफत आहे आणि महिन्याच्या गोळ्याही मिळतात. गर्दी आहे, कधी एखादी गोळी संपलेली असते, मग जनऔषधीच्या दुकानातून विकत घ्यावी लागते. पण गोळी पट्टीत मिळते, पट्टीवर नाव असतं, आणि कार्डावर तारीखवार बीपी-शुगर लिहिलेली असते. आमच्यासाठी तेवढं पुष्कळ झालं.

दवाखाना कोणताही असो, आत मिळणारी तीन-चार मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही आता एक कागद करून नेतो. वर वय, आजार, कोणत्या औषधाची ॲलर्जी. खाली चालू गोळ्यांची नावं आणि मात्रा, हकीमसाहेबांचं माजून किंवा चूर्ण असेल तर तेही. मग गेल्या भेटीनंतर काय बदललं ते दोन ओळींत, आणि शेवटी फक्त तीन प्रश्न. चौथा प्रश्न विचारला की डॉक्टर घड्याळ बघतात. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पिशवीत. शुगरच्या रुग्णासाठी वर्षातून एकदा तरी लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, डोळ्याच्या पडद्याची आणि पायांची तपासणी व्हायला हवी, आणि एचबीएवनसी तीन ते सहा महिन्यांनी. डॉक्टरने नाही सांगितलं तर आपण विचारायचं, "यातलं काय बाकी आहे?" या प्रश्नाचा राग सहसा कुणाला येत नाही, हा आमचा अनुभव.

कागद एकानेच लिहावा आणि त्याचा फोटो सगळ्या भावा-बहिणींना पाठवावा. नाहीतर दुबईचा भाऊ फोनवर एक सांगतो, पुण्याची बहीण दुसरंच सांगते, आणि ऐकून घ्यावं लागतं ते सुनेला. ज्या घरात सूनच दवाखान्यात घेऊन जाते तिथे तो कागद तिच्याच हातचा असू द्या. उर्दूत लिहीत असेल तर उर्दूत चालेल, फक्त गोळ्यांची नावं पट्टीवर बघून, जशीच्या तशी उतरवून घ्यायची.